मामांना दोनदा विचारू नये

माझ्या मामांना सकाळी विचारावं, "मामा, चहात साखर किती?" तर उत्तर यायचं दुपारी, मी भांडी पुसत असताना. "अर्धा चमचा." तोवर चहा पिऊन झालेला असायचा आणि कप विसळून फळीवर पालथा पडलेला असायचा. मामा बहिरे नव्हते, मंद तर मुळीच नव्हते. ते निरोप्या होते.

हे काम आता फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. अंतराळयानं लांबलांब जायला लागली, तेव्हा ती हाकायचं, दुरुस्त करायचं, वाट शोधायचं सगळं यंत्रंच करत. पण आत बसलेल्यांना जमिनीवरचा माणसाचा आवाज हवा असे. तो आवाज म्हणजे निरोप्या. मामांची खोली कचेरीच्या तळघरात होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीतला बोलायचा डबा, आणि कानाला लावायचे दोन गोल. त्यांचं कातडं फाटलं तेव्हा मामींनी जुन्या मोज्याचं कापड शिवून दिलं होतं. इथून बोललेलं वाक्य यानात पोचायला पाऊण तास लागे, आणि तिकडचं उत्तर यायला आणखी पाऊण. तेवढ्यात घरी एक वेळचा स्वयंपाक होऊन जातो.

"मी काहीतरी बोललो आणि कुणाला लागलं, तर ते मला कळणार दीड तासानं," मामा म्हणायचे. "तोवर तो माणूस तिकडे तसाच बसलेला. म्हणून आधी तोंडात घोळवतो."

ठीक आहे. पण भाजीच्या पिशवीबद्दल काय घोळवायचं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यातून आणखी एक गंमत होती. मामांचा विचार अर्ध्यावर आलेला असताना तोच प्रश्न कुणी पुन्हा विचारला, की ते दचकून बघत, "हं, काय म्हणालीस?" म्हणत, आणि पहिल्यापासून सुरू करत. मामींचा सगळा संसार यात गेला. मामी म्हणजे शेगडीवरचं दूध, कधी वर येईल नेम नाही. एकदा त्यांनी पडद्यांचा रंग विचारला, आणि उत्तर येईना म्हणून तासातासाला विचारत राहिल्या. ते वर्षभर आमच्या खिडक्या उघड्याच होत्या.

हे कोडं सुटलं होतं फक्त ताईला, म्हणजे मामांच्या लेकीला. ती एकदा विचारायची आणि जिन्याच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसून राहायची. काही वाचायची, काही कुरतडायची, पण पुन्हा विचारायची नाही. तिला सायकल मिळाली ती अशी. मला मिळाली नाही, कारण मी दर अर्ध्या तासानं त्यांच्या मागे लागत होते. त्याचा राग मला अजून आहे.

पुढे ताई स्वतःच यानातून गेली. मामा तेव्हा कामावरून निवृत्त झाले होते. आठवड्यातून एकदा घरच्यांची पाळी असे, तेव्हा आम्ही तिघं त्याच तळघरात जाऊन बसायचो. यानावर एक यंत्र होतं, त्याला सगळे चुटकी म्हणत. प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. मामी तिच्यावर बेहद्द खूश होत्या. "ही खरी माझी लेक," असं त्या मामांकडे बघून म्हणायच्या.

यान एका गोठलेल्या चंद्रावर उतरलं. तिथे बर्फाच्या मोठ्या भेगेत करड्या रंगाचा एक पातळ थर पसरलेला होता, दुधावर धरतो तसा. म्हणून त्याचं नाव पडलं साय. यानातल्या माणसांनी सायीच्या एका कडेला दांडा टेकवून हलकेच टकटक केली. पार दुसऱ्या कडेला एक बारीक लकेर उठली, जराशी पुढे आली आणि विरून गेली. चुटकीनं पुन्हा टकटक केली. मग उजेड दाखवला, ऊब दिली, आवाज करून पाहिले. दर वेळी तेच. शेवटी चुटकीनं निकाल दिला, "स्पर्शानं हलते. विचार करत नाही." सगळ्यांना ते पटलं आणि परत निघायचा दिवस ठरला. मामींनी ताईची खोली धुवायला काढली, गाद्यांना ऊन दाखवलं.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी आमच्या पाळीला ताईचा निरोप आला. तो मला शब्दाशब्दानं आठवतो.

"बाबा, चुटकीनं काढलेली सगळी चित्रं मी ओळीनं लावून बघितली. लकेर दर वेळी निघते, आणि आम्ही पुन्हा टकटक केली की विरते, मग पहिल्यापासून निघते. मला एकदम आपला जिना आठवला. तुम्ही आठवलात. मी कुणाला न सांगता चुटकीला सायीपुरतं गप्प बसवलंय. दोन महिने झाले. लकेर विरलेली नाही, पुढेच येतेय. पण फार सावकाश. दांड्यापाशी पोचायला तिला सात-आठ वर्षं लागतील."

मामी म्हणाल्या, "मग लागू देत की. त्या यंत्राला ठेवा तिथे आणि तुम्ही या."

अर्थात हे ताईला ऐकू जाणार नव्हतं, पण निरोपात पुढे चुटकीच बोलली. "काका, मला एकटीला ठेवता येईल, पण मी विचारणार. मला घडवलंयच तसं. उत्तर आलं नाही की पुन्हा विचारायचं. मला राहवणार नाही. कुणीतरी शेजारी बसून नको म्हणायला हवं." तिच्या बोलण्यात ना कुरकुर होती, ना लाज. मला ती त्या दिवशी पहिल्यांदा आवडली.

मग पुन्हा ताई. "इथे एका माणसाला पुरेल एवढी सोय आहे. बाकीचे परत निघतील, पुढचं यान येईल तेव्हा मला नेईल. पण बाबा, डॉक्टर तुमच्या हृदयाबद्दल काय म्हणाले ते मला आईनं सांगितलंय. थांबले तर तुमची भेट होईल असं वाटत नाही. तुम्ही ये म्हणालात तर मी आनंदानं येईन, खरंच. मी थांबू की येऊ? मी पुन्हा विचारणार नाही."

मामींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अहो, ये म्हणा. एवढं एकच माझं ऐका." आणि मग चक्क गप्प बसल्या. त्यांनाही ठाऊक होतं, आता संध्याकाळ होणार. मी कोपऱ्यातल्या शेगडीवर चहाला पाणी ठेवावं म्हणून उठले. किटली अजून नळाखालीच होती, तेवढ्यात मागे बटणाचा आवाज आला.

"थांब," मामा डब्यात म्हणाले. "मी आहे इकडे." आणि त्यांनी कानावरचे गोल काढून टेबलावर ठेवले.

मामींनी तोंडात मिठाची गुळणी धरली. घरात भांड्यांचेच काय ते आवाज. मीही चिडले होते. उशी कुठली घ्यायची यावर दोन दिवस काढणारा माणूस पोटच्या पोरीला एका क्षणात परकं करून टाकतो, याला काय म्हणायचं? जिन्यावर गाठून मी विचारलं, "मामा, एवढी घाई का केलीत?"

उत्तर आलं नाही. मीही, कधी नव्हे ते, पुन्हा विचारलं नाही.

ते आलं चौथ्या दिवशी. आम्ही मटार सोलत बसलो होतो. मामींनी पाठ फिरवली होती, पण कान इकडेच होते. मामांनी एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि म्हणाले, "विचार करत बसलो असतो, तर ये म्हणालो असतो."

मामी तोंड न वळवताच उठल्या आणि मामांच्या औषधाची गोळी आणि पाणी घेऊन आल्या.

'मी आहे इकडे' हा शब्द त्यांनी जिवापाड पाळला. मीठ तोडलं, जिने दम घेत चढू लागले, रोज गल्लीच्या टोकापर्यंत काठी टेकत चालून आले. दर आठवड्याला तळघरात जाऊन ताईशी बोलले. कधी कधी या आठवड्यात विचारलेल्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात देत. ताई हसायची. लकेर इंचाइंचानं येत होती. चुटकी, ताई सांगायची, आता दिवस दिवस न बोलता राहू शकते. सहाव्या हिवाळ्यात एका सकाळी मामा उठले नाहीत.

ताईला सांगण्याची माझ्यात हिंमत नव्हती. मामी स्वतः तळघरात आल्या, मामांच्या खुर्चीवर बसल्या, मोज्याच्या कापडाचे ते गोल कानाला लावले आणि बटण दाबलं. "बाळा, तुझे बाबा आज सकाळी गेले. झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही. तू कशी आहेस?"

पाऊण तास गेला, दीड तास गेला. मी घड्याळाकडे बघत होते. आणखी एक तास गेला. डबा गप्प. चुटकीदेखील गप्प होती, जिनं एरवी ताईच्या आधी उत्तर दिलं असतं.

मला राहवेना. "मामी, निरोप पोचला नसेल. पुन्हा पाठवूया का? एकदा विचारून तर बघूया."

बटणाकडे गेलेला माझा हात मामींनी धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "पोचलाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा विचारलं की ती पहिल्यापासून सुरू करेल. तू दुसरी खुर्ची घे आणि बस."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.