पाठमोऱ्या माणसांचा फोटोग्राफर

अलिबागच्या मासळी बाजारात दर रविवारी आमचे एक शेजारी कॅमेरा घेऊन फिरतात. मासे घेत नाहीत, शुद्ध शाकाहारी आहेत. फोटोग्राफरांवरचे सिनेमे पाहून त्यांनी दहा खिशांचं जाकीट शिवून घेतलंय. खिशांत बडीशेप असते. "पोज दिली की फोटो मेला, वहिनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या फोटोंतली माणसं मात्र सगळी पाठमोरी, कारण समोर जायला हे घाबरतात.

मागे दोन कोळणी बसायच्या जागेवरून भांडल्या. एकीने दुसरीवर बांगडा भिरकावला. तो हवेत असतानाच यांनी बटण दाबलं. मी बाजूलाच मासे घेत होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, मध्ये बांगडा आणि दोन्हीकडे उघडी तोंडं. पहिल्यांदाच यांना चेहरे मिळाले होते, आणि फोटो खरंच झकास होता.

बांगडा फेकणारी धावत आली. "दादा, पुसून टाक तो. उद्या माझे पोरीला बघाया येनार हायेत. आई अशी दिसली त कोन करील सोयरीक?"

आता हे कलेवर भाषण देणार, असं मला वाटलं. पण त्यांनी फोटो पुसला आणि तिला पडदा दाखवला.

पुढच्या रविवारी ती नवं लुगडं नेसून, हातात पापलेट धरून ताठ बसली होती. "जमली सोयरीक! आता काढ, समोरशी."

"वहिनी, ही तर पोज आहे," ते कुजबुजले.

"काढा गुपचूप," मी म्हटलं.

फोटोत तिचे डोळे मिटलेले आलेत. तरी तिने तो टोपलीमागच्या खांबाला टांगलाय, आणि हे शाकाहारी गृहस्थ दर रविवारी तिथेच सगळ्यात जास्त वेळ घुटमळतात.