बाबांचा स्पीकर आता लॅपटॉपमध्ये आहे

गिटारवाल्या मंडळींनो, आज मला काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

बाबा वर्षानुवर्षं बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांच्या स्पीकरचा लाकडी खोका जवळच्या छाणी गावातल्या एका सुताराने केलेला. त्याला वाळवी लागली आणि शेवटी तो काढून टाकावा लागला.

तो टाकण्याआधी मी त्याच्यासमोर माईक लावून त्याच्या आवाजाची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करून घेतली. त्याची एक फळी खडखडायची, ती स्क्रू आवळून आधीच गप्प केली. आता गिटार लॅपटॉपला जोडली, की हेडफोनमध्ये तोच खोका वाजतो.

आज सकाळी बाबांना वाजवायला बसवलं. "अरे वा, सरस! अगदी आपलाच खोका," ते म्हणाले. मी खूश!

मग ते जाड तारेवर आले आणि त्यांचा डावा पाय आपोआप पुढे सरकला. ती फळी खडखडू नये म्हणून ते कायम खोक्याला पाय दाबून वाजवायचे. आज पायाला काहीच लागलं नाही. ताल सुटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

त्यांनी हेडफोन काढले. "आवाज बरोब्बर आहे गं. पण पाय कुठे ठेवू?"

सॉफ्टवेअरमध्ये माईक जवळ-लांब करता येतो, खोली लहान-मोठी करता येते. पायाचं काय करायचं?

शेवटी मी पिठाचा डबा आणून त्यांच्या पायाशी ठेवला. त्यांनी माझ्यासाठी त्यावर पाय टेकवला, हसले, आणि गिटार पिशवीत घालून ठेवली.

तुम्ही काय केलं असतं?