पिठातलं पाऊल

माझी बायको गिरजा गेली तेव्हा मी सोयाबीनमध्ये वाकून गोगलगायी वेचत होतो. भोकरकडची आमची काळी जमीन, पाऊस लागून राहिला की या शंखवाल्या गोगलगायी कोवळी रोपं साफ करतात. सकाळीच वेचायच्या, पोत्यात भरायच्या, वर मीठ टाकायचं. शेजाऱ्याचा फोन आला. "काका, घरी या," एवढंच बोलला. मी पोत्याचं तोंड बांधलं, मग निघालो. लोक विचारतात, पळत का न्हाई गेलात. सकाळी चहा देताना बाई चांगली बोलत होती, मला काय ठाऊक...

मीठ टाकायला तिची ना नव्हती. चाकूरकडच्या शेतकऱ्याचीच लेक ती. पण एक तरी गोगलगाय हातावर घेऊन तिची शिंगं आत-बाहेर होताना बघितल्याशिवाय पोतं बांधू द्यायची न्हाई. "खातेत तर मारा, पण बघून मारा," म्हणायची. दिवाळीनंतर बांधावरचे दगड उलटून दाखवायची, खाली शंखाच्या तोंडाला पांढरा पापुद्रा लावून त्या झोपलेल्या असायच्या. मला राग यायचा. कामं पडलेली आणि ही दगड उलटून राहिली. एका पावसाळ्यात दारच्या तगरीवर बोटाएवढी हिरवी आळी आली, डोक्याजवळ निळे डोळे काढल्यासारखी. मी कोयता घेतला तर आडवी उभी राहिली. पुढं त्या आळ्यांचे हिरवे-गुलाबी पतंग झाले. ते संध्याकाळी दिव्यावर डोकं आपटायचे म्हणून ती दिवा बंद करून अंधारात ताट वाढायची. "तरकारी दिसंना," मी म्हणायचो. "तोंड सापडतंय ना?" ती म्हणायची.

उन्हाळ्यात अंगणात फुफाटा व्हायचा. झाडायच्या आधी ती मला हाक मारायची. "आवं, हे बघा, ही पाल. मधी शेपटीची रेघ. हा शेणकिडा, गोळा ढकलत उलटा चाललाय." मी हातात तांब्या घेऊन उभा. बळंबळं शिकलो, पण शिकलो.

आमच्याकडं माणूस जिथं गेलं तिथं पीठ पसरतात, वर दुरडी पालथी घालतात, शेजारी दिवा ठेवतात. सकाळी दुरडी उचलायची आणि पिठात जे उमटलं असंल त्यावरून माणूस कोणत्या जन्माला गेलं ते सांगायचं. माझी आई गेली तेव्हा बायका म्हणाल्या, नाग हाय, म्हातारी नागाच्या जन्माला गेली. गिरजा माझ्या कानाशी लागली, "पाल हाय. गप बसा, त्यांला बरं वाटून राहिलंय." नंतर मी तिला विचारलं, "मग माणूस जातं कुठं?" ती म्हणाली, "मी काय मरून बघितलं का?" मग म्हणाली, "माझ्या वेळेला तुम्ही बघा. मी आले तर वळखाल का?" मी म्हणालो, "तुझी टाच इतकी फाटलेली, आंधळा बी वळखंल." लई हसली...

तिच्या वेळेची दुरडी आमच्या लेकीनं, शोभानं उचलली. पिठात पंख्यासारखे फराटे उमटले होते. भावकीतल्या मोठ्या वैनी पुढं झाल्या. "पाखरू हाय, भावजी. सोन्यासारखी बाई, उडून गेली." शोभा रडायला लागली, पण ते रडणं आदल्या दिवसापेक्षा हलकं होतं. मी वाकून बघितलं. फराटे एकाच बाजूचे. दुसऱ्या बाजूला नुसती पायांची खरड. दिव्यावर एक पंख जळालेला पतंग दुरडीच्या फटीतून आत पडून फरफटत गेला होता. काठाजवळ पीठ माखून पडलेला सापडला बी. मी तो मुठीत घेतला.

"तुम्हाला काय दिसलं?" वैनींनी विचारलं.

"पाखरूच," मी म्हणालो.

गिरजानं बी मला गपच बसवलं असतं. पण त्या सकाळी मला बी पाखरू पाहिजे होतं. शोभाला दिसलं, वैनींना दिसलं. मला दिसलं न्हाई, कारण मला बघायला शिकवलेलं होतं. बाहेर जाऊन मी तो पतंग तगरीच्या बुडाशी ठेवला.

आता शोभा तिच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "बाबा, ती दुरडी घरात ठेवू नका." मी हो म्हणालो आणि ठेवली. रोज दिवा लावताना मधल्या खोलीत त्याच जागेवर मूठभर पीठ पसरतो, दुरडी पालथी घालतो. सकाळी उचलतो. मुंगळे असतात. पाल असते. मागच्या आठवड्यात एक चकाकती ओली रेघ होती, मोरीतून छोटी गोगलगाय आली होती. सगळे वळखू येतात. तिनंच वळख करून दिलेले. झाडून टाकतो.

फाटलेली टाच दुरडीखाली मावायची न्हाई, हे मला बी कळतं. म्हणून परवापासून दुरडी भिंतीला टेकवून ठेवली, आणि पीठ उंबऱ्यापर्यंत टाकतो.