तोंडावरचा हात

सकाळी स्टुडिओचं शटर वर करत होतो, तेवढ्यात रूथवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. शटर तसंच खाली ओढलं आणि शिरूरहून दौंडला निघालो. मातीचं सगळं आवरल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं. "रविवारी चर्चमधी प्रार्थना हाय. ह्यांचा एखादा हसरा फोटो द्या. तुमच्याकडं नसंल तर आन् कुणाकडं असंल?" मी मान हलवली. परतताना मात्र मनातल्या मनात सगळे फोटो चाळले. जन्मभर लोकांना हसवून फोटो काढले, पण प्रभाकरचा धड हसरा फोटो माझ्याकडे नव्हता.

डॉ. प्रभाकर साळवे, माझा शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. राहायला दौंडला आणि दवाखाना शिरूरला, माझ्या स्टुडिओच्या अगदी डोक्यावर. दात सुंदर करून घ्यायला कुणी आलं की तो आधी त्यांना खाली माझ्याकडे पाठवायचा. खुर्चीत बसलेला माणूस आ करतो, हसत नाही, असं त्याचं म्हणणं. मी माझे शिळे विनोद सांगायचे, फोटो काढायचे, आणि हा कोपऱ्यात उभा राहून दात सोडून हात बघायचा. "तोंडावर हात कधी जातो ते बघ. दुखणं तिथं आहे." उपचार संपले की पुन्हा फोटो. हात खाली राहिला तरच काम फत्ते. पण 'हात काढा' असं तो मला कुणाला म्हणू द्यायचा नाही. "तो आपापला खाली आला पाहिजे रे. सांगून काढायला लावलास तर मी वर काय केलं?"

कवठे येमाईची एक मुलगी आली होती, आईला घेऊन. आई म्हणाली, "डॉक्टर, पाहुणं बघाया येणार हायेत. दात एका लायनीत करा सगळं." नेमका माझा विनोद लागू पडला आणि दोघी एकदम हसल्या. दोघींचा सुळा तसाच पुढे, दोघींचा हात तसाच तोंडावर. प्रभाकरने मुलीचे दात साफ केले, एक तुटकी कड भरून दिली आणि सुळ्याला हात लावला नाही. "हा आईकडून आलाय. आधी घरी जाऊन आईला हसताना बघ. तरी नकोसा वाटला तर ये, करून देतो." ती परत आली नाही, पेढे मात्र आले.

रविवारी तो चर्चमध्ये पेटीवर बसायचा, गायचाही. नाताळच्या करंज्या तळायचा मक्ता त्याचाच, आणि एक करंजी दुसरीसारखी दिसेल तर शपथ! वहिनी चिडवायच्या, "दातं तेवढी बरी बसवता तुमी."

मग गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण चेहऱ्याची डावी बाजू ओघळली. दवाखाना बंद झाला, गाणंही. घरातल्या पेटीवर चादर पडली. मी जायचो, बसायचो. एकदा न राहवून जुनाच विनोद सांगितला. तो हसला... आणि त्याचा उजवा हात तोंडावर गेला. सवयीने मी मोबाईलवर फोटो काढला. 'हात काढ' ओठांवर आलं होतं. म्हणालो नाही. त्याचाच नियम. तो हात खाली आणणारा डॉक्टर मी कुठून आणणार होतो?

तोच एक हसरा फोटो. शनिवारी मी संगणकावर तो हात पुसला. खाली संगणकानेच ओठ रेखाटले, दात भरले. पांढरे, एका ओळीत, बिनचूक. वहिनींना दाखवला. बघून म्हणाल्या, "दातं चांगली हायेत, भाऊजी. पर हे आमचे न्हाईत." मग तो हात असलेलाच फोटो मोठा केला.

आता तो फोटो त्याच्या पेटीवर असतो. तोंड झाकलेलं, डोळे मात्र पोट धरून हसल्यासारखे. मी अधूनमधून जातो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या की त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याचा नियम मोडतो. "प्रभाकर, हात काढ रे," म्हणतो. आतून कपांचा आवाज येईपर्यंत बघत राहतो.