मगदूम सरांचं बोट

मांडवीच्या कमळाकाकूंनी एकदा विचारलं, "सर, आज पाऊस पडेल काय वो?" धरणेंद्र मगदूम सरांनी आभाळाकडे पाहून सांगितलं, "एका अर्थी पडेल." काकूंनी वाळत घातलेले बोंबील अर्धे आत घेतले आणि अर्धे बाहेर ठेवले. बाहेरचे भिजले. पण सर खोटं बोलले असं काकूंनाही म्हणता येईना.

सर मूळचे शिरोळ तालुक्यातले जैन. तत्त्वज्ञान शिकवायला रत्नागिरीत आले आणि रमले. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, आणि भाड्याचं घर मिळालं ते नेमकं मासे वाळवणाऱ्यांच्या शेजारी. त्यावरही त्यांची तक्रार नव्हती. वास आपल्या बाजूने वाईट, काकूंच्या बाजूने चांगला, एवढंच.

हे सगळं जैनांच्या स्याद्वादातून आलेलं. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, असं ते वर्गात बजावत. स्यात् म्हणजे 'या बाजूने पाहिलं तर'. वस्तूला बाजू अनेक, हा अनेकांतवाद, आणि आपण उभे एकाच जागी, म्हणून माणसाने आपली जागा सांगून बोलावं. वर्गात हे शोभून दिसे. घरी विमलाबाई विचारत, "आमटीत मीठ बरोबर आहे का?" सर म्हणत, "जिभेच्या टोकापुरतं आहे." विमलाबाईंनी शेवटी मिठाची बरणीच पाटाजवळ आणून ठेवली.

शहाऐंशी साली इंग्रजीला मयेकर नावाचे तरुण प्राध्यापक हैदराबादेहून शिकून आले. दाढी, झोळी आणि उत्तराधुनिक विचार, तिन्ही एकदमच आली. "सत्य वगैरे काही नसतं, मगदूम सर," ते स्टाफरूममध्ये चहा ढवळत म्हणत. "ज्याचं त्याचं वाचन असतं. तुमचा अनेकांतवाद तरी वेगळं काय सांगतो?"

"वेगळं सांगतो. रत्नदुर्ग मांडवीतून एक दिसतो, बंदरावरून दुसरा दिसतो. मी म्हणतो, दोन्ही दिसणी खरी, कारण किल्ला आहे. तुम्ही म्हणता, नुसती दिसणीच आहेत, किल्ला नाही."

"कशावरून आहे?"

"चढून बघा. दम लागतो."

प्राचार्य आगाशेंना या वादात रस नव्हता. त्यांना रस होता पटसंख्येत. "मगदूम, तुमच्या वर्गाला पोरं येत नाहीत," ते सरळ म्हणाले. "ज्या माणसाला हो की नाही सांगता येत नाही, तो पोरांना काय शिकवणार? जूनपासून तत्त्वज्ञान बंद करावं म्हणतो."

सर घरी आले आणि जेवले नाहीत. विमलाबाईंनी बरणी पुढे सरकवली, तिच्याकडेही बघितलं नाही.

फेब्रुवारीत मांडवीच्या वाळूवर प्राध्यापक विरुद्ध विद्यार्थी असा क्रिकेटचा सामना होता. चेंडू टेनिसचा, पण नियम सगळे लॉर्ड्सचे. पंच व्हायचा तो शिपाई भिकाजी तापाने पडला. आगाशेंनी हसत हसत मगदूम सरांकडे बोट केलं. "व्हा पंच. आज एक जरी निर्णय ठामपणे दिलात ना, तर वर्ग ठेवतो. सगळ्यांसमक्ष सांगतो."

माणसं हसली. सरांनी टोपी घातली आणि यष्ट्यांमागे जाऊन उभे राहिले.

प्राध्यापकांना जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. मयेकर खेळत होते, आगाशे समोरच्या टोकाला, म्हणजे सरांच्या शेजारीच उभे होते. बाबल्या नावाच्या मांडवीच्याच पोराने चेंडू टाकला, तो थाडकन मयेकरांच्या नडगीपाशी अडला. अख्खी वाळू पायचीतसाठी ओरडली. यष्टिरक्षक म्हणाला, गेला. बाजूच्या कठड्यावर बसलेले म्हणाले, चेंडू बाहेर जात होता. मयेकर बॅट दाखवू लागले.

"सर, काय ता सांगा," बाबल्या म्हणाला. "भरती आली."

सरांनी कठड्याकडे पाहिलं. कठड्यावरची माणसं खोटं बोलत नव्हती. कठड्यावरून चेंडू तसाच दिसणार. यष्टिरक्षकालाही त्याच्या जागेवरून तेवढंच कळणार. बाजू पुष्कळ होत्या, पण तीन दांड्यांच्या सरळ रेषेत आज त्यांनाच उभं केलं होतं. ती जागा त्यांची होती, आणि तिथून दिसलं ते सांगायचं नाही, तर मग इतकी वर्षं शिकवलं काय?

बोट वर गेलं. चांगलं ताठ गेलं.

मयेकर धावत आले. "सर, खरं सांगतो, बॅटला लागला."

"खरं?"

"अगदी खरं. शपथ घेऊन सांगतो."

"मयेकर, तुमच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी वर्षभर थांबलोय."

मयेकरांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं आणि ते दाढीतल्या दाढीत हसले. "बरं, सापडलो. पण मग तुमच्या हिशेबाने माझीही बाजू असेलच की."

"आहे ना. बॅटला लागला हे खरंच आहे. पण आधी पायाला लागला, मग बॅटला. तुमच्या हातांना दुसरा धक्का कळला, पहिला नाही कळला. माझ्या जागेवरून दोन्ही दिसले." सर शेजारी वळले. "तुम्हीही इथंच होता, आगाशे. काय दिसलं?"

आगाशेंनी समुद्राकडे पाहिलं, धावफलकाकडे पाहिलं. त्यांचाच गडी चालला होता. "आधी पाय," ते म्हणाले. "गेला."

मयेकरांनी बॅट काखेत घेतली आणि सरांचा हात दाबून गेले. पुढच्याच चेंडूवर आगाशेंच्या नव्या, शेवटच्या साथीदाराची यष्टी उडाली, सामना पोरांनी जिंकला आणि पोरांनी उचललं ते मात्र पंचाला. मगदूम सर खांद्यांवरून मांडवीच्या वाळूत फिरले. एक चप्पल भरतीत गेली, तिची त्यांनी चौकशीही केली नाही.

जूनमध्ये तत्त्वज्ञानाच्या वर्गात बाबल्यासकट सगळा संघ येऊन बसला. बाकं कमी पडली म्हणून इतिहासाच्या वर्गातली ओढून आणली. सर हजेरी घ्यायला लागले, तेव्हा दारात मयेकर उभे होते. मागच्या बाकावर जागा आहे का, विचारत होते.

"आहे," सर म्हणाले. "पण शंका हात वर करून विचारायच्या."