चिरा की वीट

कुंपणासाठी मागवलेले चिरे आज अंगणात उतरवले, त्यांच्यावर पाणी मारलं आणि त्या ओल्या जांभ्या दगडाच्या वासाबरोबर लांज्याकडची एक शाळा डोळ्यांसमोर आली. मुलं शब्द कसे शिकतात यावरच्या संशोधनासाठी मी तिथे चित्रांची कार्डं घेऊन गेले होते. दुसरीतली एक मुलगी समोर मांडी घालून भराभर उत्तरं देत होती. विटेचं कार्ड आलं तशी हसून म्हणाली, "ह्यो चिरा. बारका हाय, पण चिराच." सगळा गाव चिऱ्यांनी बांधलेला, वीट ती कुठे बघणार? पण आमचं ठरलेलं उत्तर 'वीट', म्हणून मी फुली मारली. तिने ती पाहिली. "चुकला काय, बाई?" चाचणी चालू असताना मुलांना काही सांगायचं नाही, असा नियम होता. मी पुढचं कार्ड धरलं. त्यावर मांजर होतं. तिने कार्डाकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, "म्हाईत नाय." मग शेवटच्या कार्डापर्यंत तेच. नियम पाळल्याचं तेव्हा मला समाधान वाटलं होतं. आज हात लाल झालेत आणि मनात एकच येतंय, "हो गं, चिराच," म्हणायला माझं काय जात होतं?