मी नेणे कोन

माझी लेक दीड वर्षाची असताना एकदा स्वयंपाकघरात माझ्या हातून स्टीलचं पातेलं पडलं. आवाज ऐकून शेजारची बाई धावत आली, पण दोन हातांच्या अंतरावर पाठमोरी बसलेली लेक चमचा चाटतच राहिली. त्या दिवशी आम्हाला कळलं. पुढे कानाचे डॉक्टर झाले, मशीन झालं, आणि बोलायला शिकवणाऱ्या एक बाई झाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "हातानं खुणा करू दिल्यात तर ही कधीच बोलायची नाही. तोंडानंच बोलायला लावा."

मी ते व्रतासारखं पाळलं. लेकीनं हात उचलले की मी ते तिच्या मांडीवर दाबून धरायची आणि माझ्या ओठांकडे बघायला लावायची. पाणी हवं असेल तर "पाणी" म्हण, मगच पेला मिळेल. ती रडायची, मी रडायची, आणि पेला आमच्या मध्ये ओट्यावर तसाच राहायचा. चौदा वर्षांत ती तोंडानं चाळीसेक शब्द बोलायला लागली. ते फक्त मला समजायचे. तिच्या बाबांनाही त्यातले निम्मेच.

मी पनवेलच्या एका शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवते. कर्ता, कर्म, क्रियापद, प्रयोग. दुसऱ्यांच्या मुलांना कर्मणी प्रयोग झोपेतसुद्धा सांगता येईल इतका मी घोटून घेतला आहे, आणि माझी स्वतःची मुलगी लिहायची, "आई भाजी आणणे." मी लाल पेनानं "आईनं" आणि "आणली" करायची. पुढच्या ओळीत तिनं "आई दूध आणली" लिहिलं की मी "आणलं" करायची. एकदा तिनं वही माझ्यापुढे आपटली. 'आई' या शब्दावर तीनदा बोट ठेवलं आणि खाली लिहिलं, "आई एक. आणली आणलं आणले का?"

प्रश्न बरोबर होता. आणणारी मी एकच, मग भाजीप्रमाणे क्रियापद का बदलावं? मी नियम लिहून दिला. भूतकाळ असेल, क्रियापद सकर्मक असेल, तर कर्त्याला 'नं' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. तिनं तो शांतपणे वाचला आणि इंग्रजीची वही काढून दाखवली. तिथे भाजीला ब्रॉट, दुधाला ब्रॉट, केळ्यांनाही ब्रॉट. त्या भाषेत कोण पुढे उभं आहे आणि कोण मागे, यावरूनच कुणी केलं ते ठरतं. आपल्यात शब्द कुठेही ठेवा, प्रत्यय सांभाळला म्हणजे झालं. पण ज्या मुलीनं 'नं', 'ला', 'नी' हे इवले आवाज कधी ऐकलेच नाहीत, तिनं ते सांभाळायचे तरी कसे? हे मला कळायला हवं होतं. मी मात्र तिला रोज पाच वाक्यं जास्त लिहायला लावली.

दहावी झाल्यावर तिनं स्वतःच हट्टानं नवीन पनवेलमधल्या कर्णबधिर मुलांच्या शिवणवर्गात नाव घातलं. तिथे सगळे हातानं बोलतात. महिन्याभरात माझी मुलगी बदलली. घरी गप्प बसणारी ही पोर तिथल्या मैत्रिणींत हातवारे करत पोट धरून हसायची. ते मी एकदा फाटकाबाहेरून पाहिलं आणि मला आनंद नाही, मत्सर वाटला.

वर्गाचे सर स्वतः ऐकू न येणारे. पालकांच्या एकाच सभेला मी गेले होते, तेही उशिरा. सर हातानं सांगत होते आणि एक ताई ते तोंडी सांगत होत्या. "आमच्या भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो. तू जाणे कुठे. येणे कोण. क्रियापदाला लिंग नाही, काळ नाही. काळ आधीच सांगून टाकायचा." मी शिक्षिका असल्यानं एवढं वहीत टिपून घेतलं आणि पेपर तपासायचे राहिलेत म्हणून निघाले. तेवढ्यावर मला ती भाषा थोडीफार समजते, असं मी धरून चालले होते.

गेल्या हिवाळ्यातल्या एका दुपारी, सव्वादोनच्या सुमारास, मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत बसले असताना तिचा मेसेज आला.

"आई मी नेणे कोन. रडणे खूप. मोबाईल संपणे."

मी तो दोनदा वाचला. 'न' आणि 'ण' यांत ती लहानपणापासून गोंधळते. 'कोन' म्हणजे 'कोण'. प्रश्नाचा शब्द शेवटी, सभेत सांगितलं होतं तसाच. मी नेणे कोण. मला कोण नेतंय? कुणीतरी मला नेतंय, आणि मी खूप रडते आहे. मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. फोन बंद.

रिक्षा करून वर्गावर पोहोचले तेव्हा दाराला कुलूप. त्या दिवशी वर्ग लवकर सुटला होता. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं.

"दोन पोरी रिक्षात बसून गेल्या," तो म्हणाला. "एक लय रडत व्हती."

"कुठली? माझी? उंच, लांब वेणी?"

"आवो बाई, दोघींचा डरेस सारखाच. मी कशाला बगतोय वेणी?"

"बरोबर कुणी होतं? माणूस?"

"रिक्षावाला व्हता ना."

एवढंच. पण 'माणूस' म्हटल्यावर तो रिक्षावाला माझ्या डोक्यात भलताच झाला. तिला ओरडता येत नाही, वाटेत कुणाला विचारता येत नाही. हात धरले की माझी मुलगी मुकी. आणि तिचे हात धरण्याची सुरुवात मीच केली होती. रस्त्यात उभ्या उभ्या हे माझ्या मनात आलं.

तिच्या बाबांना फोन लावला. त्यांच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून गेटवर निरोप ठेवला. सरांना मेसेज केला, तो त्यांनी पाहिलाच नाही. सुकापूरला घरी जाऊन आले, घर बंद. खांदा कॉलनीत तिची एक मैत्रीण राहते, तिथे गेले. ती मुलगी दारात येऊन भराभर हातांनी काहीतरी सांगू लागली. मला एक अक्षर कळेना. मी वही पुढे केली तर तिला लिहिता येत नव्हतं, ती शाळेत फारशी गेलेलीच नव्हती. तिला नक्की काहीतरी माहीत होतं. मी तिथून तशीच परत फिरले.

चार वाजता पोलिसांकडे गेले. अंमलदारांनी मेसेज वाचला, पुन्हा वाचला.

"मॅडम, यात नेणारा कोण आहे?"

"तेच तर ती विचारतेय!"

बाजूला एक महिला पोलीस उभी होती, माझ्या अर्ध्या वयाची. तिनं मोबाईल हातात घेतला. "मॅडम, कोन म्हणजे आपलं कोन गाव नसेल? पळस्प्याच्या पुढचं?"

"नाही हो," मी म्हणाले. "तिचं न आणि ण चुकतं. आणि त्यांच्या भाषेत प्रश्न शेवटी येतो. मी मराठीची शिक्षिका आहे, मला कळतं."

"पण इथे 'मी नेणे' आहे ना? म्हणजे नेणारी तीच."

"तिला 'मी' आणि 'मला' यातला फरक कळत नाही!"

हे मी ओरडून म्हणाले. तिनं मोबाईल मला परत दिला. तक्रार लिहून घेणं सुरू झालं. लेकीचा फोटो, उंची, अंगावरचे कपडे. "ओळखीची खूण?" असं विचारल्यावर मला काही आठवेना. रोज जिच्या ओठांकडे बघते तिच्या अंगावर तीळ कुठे आहे ते मला सांगता येईना. अर्धा पाऊण तास त्यात गेला. शेवटी ती महिला पोलीसच साहेबांची परवानगी घेऊन म्हणाली, "चला, कोनला जाऊन तर येऊ. माझं माहेर त्याच बाजूला आहे."

जीपमध्ये मी तो मेसेज वाचत होते. एक्सप्रेसवेकडे जाणारे ट्रक बाजूनं धडधडत होते. रडणे खूप. कोण रडणे? 'मी रडते' असतं तर माझी लेक, 'ती रडते' असतं तर दुसरी कुणी. 'रडणे' या शब्दात माणूसच नव्हता. बावीस वर्षं मी या रूपाला क्रियापदाचं मूळ रूप म्हणून फळ्यावर लिहीत आले, आणि आता त्याच्या आत माझी मुलगी शोधत होते.

कोनमध्ये पहिल्याच दुकानात ऐकू न येणाऱ्या मुलींबद्दल विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "मुकी पोर हाय त्यांच्याकडं ना? त्यांची म्हातारी गेली आज." गल्लीच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता. आत बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध माझी लेक. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून वर्गातली एक मैत्रीण हमसून हमसून रडत होती. घरातल्या बाया काही बोलत, मैत्रिणीची आई ते येतील तेवढ्या खुणांनी आणि ओठांनी माझ्या लेकीला समजावत होती, आणि माझी लेक ते मैत्रिणीला हातांनी नीट उलगडून सांगत होती. आजी कशी गेली, किती वाजता, शेवटी कुणाचं नाव घेतलं. दुपारी वर्गात त्या मुलीला फोनवर गेलेल्या आजीचा फोटो आला होता. त्या अवस्थेत ती एकटी प्रवास करू शकत नव्हती, म्हणून माझ्या मुलीनं तिला कोनला नेलं होतं. मी नेणे कोन. त्यात एक अक्षरही चुकलेलं नव्हतं.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी केलं ते असं: चपलांसकट आत शिरले आणि सुतकाच्या घरात, सगळ्यांसमोर, तिच्या थोबाडीत मारली.

लेकीनं गालाला हात लावला नाही. तिचे हात वेगानं हलले, छातीपासून माझ्याकडे, मग डोळ्यांकडे, मग झटकून खाली. मी म्हणाले, "तोंडानं बोल! तोंडानं सांग!" तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

मैत्रिणीची आई उठून माझ्याजवळ आली. तिच्या स्वतःच्या सासूचं प्रेत अजून अंगणात होतं.

"बाई, ती म्हनते, मी सांगितलं व्हतं. आई वाचत नाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमी शिकलो. पोर आपली हाय, मग नको का शिकाया?" आवाजात राग नव्हता. "आमाला लिवता वाचता येत नाय. तुमाला तर येतं."

महिला पोलिसानं माझ्या दंडाला धरून ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. रात्री तिचे बाबा येऊन आम्हाला घेऊन गेले. गाडीत लेक मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. डोळे मिटले की तिच्याशी बोलायचे सगळे रस्ते बंद होतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

त्यानंतर तिनं मला मेसेज करणं थांबवलं. बाबांना करायची. घरात समोर आले तर वाट द्यायची, पाहुण्याला देतात तशी. मी वहीत "चूक माझी झाली" असं लिहून तिच्या उशाशी ठेवलं. सकाळी वही तशीच होती. पुढच्या रात्री "मला माफ कर" लिहिलं. तीही तशीच. एक महिना असाच गेला. तिच्या बाबांनी एकदा विचारलं, "तू तिच्या भाषेत सांगून बघितलंस का?" मी त्यांच्यावर खेकसले, कारण मला येत नव्हतं.

शेवटी वर्गाच्या सरांकडे गेले. शनिवार दुपारी ते आता मला शिकवतात, त्या ताई मध्ये बसतात. पन्नाशीला आल्यावर हात वळत नाहीत. 'देणे' या एका क्रियापदावर माझे तीन शनिवार गेले. हात माझ्याकडून तुझ्याकडे गेला तर मी तुला दिलं, तुझ्याकडून माझ्याकडे आला तर तू मला दिलंस. 'नं' नाही, 'ला' नाही, हाताची दिशा हाच प्रत्यय. त्यात भुवया उचलल्या तर प्रश्न. मी घाबरले की माझ्या भुवया आपोआप वर जातात, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य प्रश्न होतं. सर हसतात. माफी मागण्याची खूण त्यांनी शिकवली ती मी आरशासमोर शंभरदा केली. लेकीसमोर केली तेव्हा दिशा उलटी गेली असावी. तिनं माझं मनगट धरलं, वळवलं, नीट केलं आणि शिवणाच्या मशीनकडे निघून गेली. मला ते पुरलं असं म्हणवत नाही.

आता ती मला व्हिडिओ पाठवते, लिहीत नाही. मी ते शाळेत मधल्या सुट्टीत तीन-चारदा लावून बघते, निम्मे कळतात. न कळलेले सरांना दाखवायची लाज वाटते, कारण त्यात घरातलं असतं.

मागच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तिनं मला हात हलवून बोलावलं आणि सावकाश, माझ्यासाठीच सावकाश, सांगितलं. काळ आधी: पुढचं वर्ष. मग पुणे. मग मोठ्या शिवणशाळेची खूण. मी जाणे. राहणे तिकडे. आई येणे, आणि सगळ्यात शेवटी, नको.

पहिल्यांदाच मला तिचं अख्खं वाक्य एका दमात समजलं होतं. तरीही मला खात्री हवी होती, म्हणून मी हातांनी विचारलं, "आई येणे नको?" भुवया मुद्दाम वर केल्या. तिनं हो म्हणून मान हलवली. मग मी विचारलं, "का?"

तिनं बराच वेळ सांगितलं. हात कधी माझ्याकडे येत होते, कधी तिच्याकडे जात होते. मला त्यातलं 'लहान', 'पाणी' आणि 'हात' एवढंच कळलं. मी पुन्हा सांग म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं, तितकंच सावकाश. मला पुन्हा तेवढंच कळलं.